भूमिती न येणारा माणूस

लोखंडे सरांनी पाटी माझ्याकडे फिरवली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘नववी ब कुठवर आली?’

मी त्यांच्याच खुर्चीत बसले होते. लगबगीनं उठायला गेले, तर त्यांनी तळहात खाली दाबून ‘बसा’ म्हटलं आणि स्वतः खिडकीजवळच्या नकाशांच्या पेटीवर टेकले. भर दुपारी गळ्याला मफलर. स्टाफरूममधले सगळे काहीतरी काम करत असल्यासारखे दिसत होते आणि कुणीच काही करत नव्हतं.

“समांतर रेषा झाल्या, सर. सोमवारी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज घेते.”

सरांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. या वेळी लिहायला वेळ लावला. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता.

‘तो धडा मी घेणार.’

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची, कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावातल्या हायस्कूलची. लोखंडे सरांच्या स्वरयंत्राला गाठ झाली होती. ती काढली तेव्हा आवाजही गेला. उरली नुसती फुसफुस, पहिल्या बाकापर्यंतही न पोचणारी, आणि तीही डॉक्टरांनी बंद केलेली. त्यांच्या चार महिन्यांच्या रजेवर मी गणिताला आले होते.

रजेच्या जागेवरची बाई म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं. सात वर्षांत सहा शाळा झाल्या होत्या. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन. आपण जायचं, ‘नव्या बाई’ म्हणून वावरायचं आणि ज्याची जागा तो आला की निघायचं. या शाळेत मात्र पहिल्याच दिवशी पर्यवेक्षिका निंबाळकर बाईंनी ऑफ तासांच्या वहीत माझं नाव स्वच्छ अक्षरात ‘बाबर बाई’ असं लिहिलं आणि खडसावून सांगितलं, की इथं पाहुण्यासारखं बसायचं नाही, डबा सगळ्यांबरोबर उघडायचा. पीटीच्या शिकलगार सरांनी त्याच दुपारी माझ्या डब्यातलं भरलं वांगं न विचारता उचललं. तेव्हाच मला वाटलं, इथं राहायला मिळालं तर किती बरं.

आणि तशी वेळ आली होती. दिवाळीच्या सुट्टीत संस्थेचे सचिव आबासाहेब मला म्हणाले होते, “अर्ज लिहून ठेवा, बाई. लोखंडे आता काही वर्गात उभे राहत नाहीत. त्यांना आजारपणाची निवृत्ती देऊ, तुम्हाला कायम करू.” मी अर्ज लिहिला होता आणि देव्हाऱ्यात विठोबाच्या तसबिरीमागं ठेवला होता. सरांची रजा पुढच्या शनिवारी संपत होती.

हे सगळं स्टाफरूमला माहीत होतं. सरांनाही माहीत असणारच. तरी ते पेटीवर बसून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत विनंती नव्हती. उद्या कुठला तास, असं विचारणाऱ्या माणसाची नजर होती ती.

मी नाही म्हणू शकले नाही, त्याला कारण होतं. माझी पदवी रसायनशास्त्राची. भूमितीला मी मनातून घाबरायची. पहिल्या आठवड्यात एक प्रमेय फळ्यावर अर्ध्यात अडकलं, तेव्हा शिकलगार सरांनीच मला सायकलवरून लोखंडे सरांच्या दारात नेऊन सोडलं. त्यानंतर दर गुरुवारी मी टाचणवही घेऊन तिथं जात होते. ऑपरेशनमधून नुकता उठलेला तो माणूस अंथरुणात बसून माझं टाचण पाटीवर दुरुस्त करायचा. मी गणिताची बाई झाले ती त्या अंथरुणाशेजारी. वर्गात मुलं मला जे विचारायची त्याची उत्तरं चार महिने मी दिली, पण शिकवत होते सरच.

त्या दिवशी एकादशी होती. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. पोथी हातात घेतली की डुलकी येते, पण कीर्तनात तीन तास पाठ टेकवत नाही. संध्याकाळी विठ्ठलमंदिरात गेले तर बुवांचा घसा बसलेला. लोक हळहळले. पण बुवा उभे राहिले. चरणाचे पहिले दोन शब्द कसेबसे उच्चारायचे, हात पुढं करायचा, की मागचे बारा टाळकरी तो चरण अलगद उचलायचे. अर्थ सांगताना बुवा शेजारच्या विणेकऱ्याच्या कानात सांगायचे आणि विणेकरी मोठ्यानं बोलायचा. घटकाभरात मंडळी विसरून गेली, की आवाज दुसऱ्याचा आहे. कीर्तन बुवांचंच झालं. बुक्का लावून घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

शनिवारी सकाळी मी स्टाफरूममध्ये मांडलं. सर पुढं उभे राहतील, फळ्यावर लिहितील, खुणा करतील. मागं आपल्यातलं कुणीतरी उभं राहून ते मोठ्यानं बोलेल.

शिकलगार सर म्हणाले, “म्हणजे शाळेत पण टाळ कुटायचे?”

“टाळ मी कुटीन. तुम्ही नुसतं ऐका.”

निंबाळकर बाई हसल्या नाहीत. त्यांनी वेळापत्रक ओढून घेतलं आणि पेन्सिलीनं मोजायला लागल्या. सरांचे आठवड्याला अठ्ठावीस तास. शिक्षकाला ऑफ तास किती प्रिय असतो हे बाहेरच्याला कळायचं नाही. वह्या तपासायच्या असतात, पाय मोकळे करायचे असतात, घटकाभर कुणाच्याही प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. तो कुणी सहज सोडत नाही. हिंदीचे सर कुरकुरले, चित्रकलेच्या बाई म्हणाल्या त्यांची पाठ धरते. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाच्या नावापुढं दोन-दोन तास लिहून वही मिटली. मग माझ्याकडे वळल्या. माझ्या नावापुढच्या दोन तासांना मी शाळेत असेपर्यंत मी मागं उभं राहायचं, आणि मी गेल्यावर त्यांनी. ‘गेल्यावर’ हा शब्द त्यांनी सरळ उच्चारला. मला तो टोचला आणि बरंही वाटलं, की इथं कुणी कुणाला गोड बोलून फसवत नाही.

सोमवारी तिसऱ्या तासाला आबासाहेब नववी ब मध्ये येऊन शेवटच्या बाकाजवळ बसले. एवढं एकदा बघा, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना गळ घातली होती.

सर आले, तशी मुलं उठून उभी राहिली ती बसेचनात. सरांनी खडू उचलला. त्रिकोण काढला. माथ्यावरच्या बिंदूतून पायाला समांतर रेषा ओढली, आणि थांबून माझ्याकडे बघितलं. मी बोलायला सुरुवात केली.

आता काय सांगू? सरांनी नुसती रेषा ओढली होती. मी त्या रेषेवरून पुढं निघाले. समांतर रेषा, तिच्या दोन बाजूंचे कोन, ते खालच्या कोनांएवढे कसे, तिन्ही मिळून सरळ रेषा कशी होते, सगळं मी एका दमात, सुरात सांगितलं. माझ्या आवाजाला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे. कधी नव्हे ती भूमिती माझ्या तोंडून पाण्यासारखी वाहत होती. मुलं माझ्याकडे बघायला लागली. सरांचा खडू हवेतच राहिला. मी थांबले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आबासाहेब उठले. “उत्तम शिकवलंत, बाई. मग सांगा, यात लोखंडे कशाला हवेत?”

सरांनी डस्टर घेतला आणि फळा वरपासून खालपर्यंत स्वतः पुसला.

शनिवारी कागदांवर सह्या करायला या, असं आबासाहेब त्यांना जाताना म्हणाले. आवाजात दुष्टपणा नव्हता. त्यांनी जे बघितलं त्यावरून ते बोलले.

मी मुद्दाम केलं का? हा प्रश्न मी विठोबासमोर अनेकदा विचारला आहे. देव्हाऱ्यात अर्ज होता, मनात ती खुर्ची होती. आणि टाळ्या मला गोड लागल्या होत्या, हे खोटं कसं बोलू?

मधल्या सुट्टीत माझ्याजवळ कुणी आलं नाही. मग निंबाळकर बाई आल्या. डबा न उघडता समोर बसल्या.

“बाबर बाई, तुम्ही कीर्तनाला जाता ना?”

“जाते.”

“तिथं मागचा टाळकरी बुवाच्या पुढं गेला तर चालतं?”

मी मान खाली घातली.

“मी रागावून विचारत नाही. माहीत नाही म्हणून विचारतेय.”

“नाही चालत, बाई. त्याला परत कुणी उभं करत नाही.”

“मग आता काय करायचं ते पण तुम्हीच सांगा. मी काही कीर्तनातली नव्हे.”

त्या उठून गेल्या असत्या तर मी रडत बसले असते. पण त्या बसून राहिल्या. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. सात वर्षांत कुठल्याच शाळेत मला कुणी रागावलं नव्हतं. रजेवरच्या बाईला कुणी रागावत नाही, ती जाणारच असते. बाईंचा तो प्रश्न मला इतका लागला आणि इतका आपला वाटला, की मी डोळे पुसून विचार करायला लागले.

चूक कुठं झाली? मला पुढचं येत होतं, म्हणून मी पुढं गेले. निंबाळकर बाईंना विज्ञान येतं, त्याही जातील. ज्याला पुढची पायरी माहीत आहे त्याला थांबणं अवघड.

“बाई,” मी म्हटलं, “आपल्यात भूमिती अजिबात न येणारं कोण आहे?”

आम्ही दोघींनी एकदमच खिडकीकडे बघितलं. शिकलगार सर फुटबॉलमध्ये हवा भरत होते.

“माझ्याकडं बघू नका,” ते म्हणाले. “मला गणित येत नाही म्हणून तर शाळेनं मैदानात सोडलंय. मॅट्रिकला तीन वेळा बसलोय त्या त्रिकोणापायी.”

“म्हणूनच.”

“बाई, मला काटकोन तेवढा कळतो. पोरं रांगेत वळतात तो.”

“त्याहून जास्त कळायला नको,” मी म्हटलं. “सर लिहितील तेवढंच बोलायचं. एक शब्द पुढचा नाही.”

“पुढचा मला माहीत असला तर ना.” त्यांनी पंप खाली ठेवला. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, “आणि तुम्ही कुठं असणार?”

“मी वर्गाबाहेर.”

प्रश्न आबासाहेबांचा होता. ते दुसऱ्यांदा येणार नव्हते. मंगळवारी सकाळी मी एकटी त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर दाढी करत होते. मी सांगितलं, की सोमवारचा धडा माझा होता, सरांचा नव्हता. त्यांनी सरांचा धडा अजून बघितलेलाच नाही. तो बघून मग सह्या घ्याव्यात.

आबासाहेबांनी वस्तरा वाटीत ठेवला. “बाई, अर्ज लिहिलाय ना तुम्ही?”

“लिहिलाय.”

“लोखंडे राहिले तर त्याचं काय होईल?”

“काही होणार नाही त्याचं.”

“घरी कोण असतं?”

“सासूबाई. आणि मुलगी.”

“स्वतःच्या पोटावर स्वतःच पाय देताय.”

“शनिवारी दुसऱ्या तासाला या, आबासाहेब. मी वर्गात असणार नाही.”

त्यांनी वाटीतला वस्तरा पुन्हा उचलला. अर्ध्या गालाला फेस तसाच होता. शेवटी म्हणाले, की येतो, पण धडा तोच हवा. मुलांना कळलेला धडा पुन्हा घेऊन तो माणूस काय वेगळं दाखवतो ते बघायचंय. मी हो म्हणून आले. झालेला धडा पुन्हा शिकवणं सगळ्यात कठीण, हे कुठलाही शिक्षक सांगेल.

सरांना हे सांगितलं. ते नुसते हसले. त्यांना मी पहिल्यांदाच हसताना बघत होते.

शनिवारची सकाळची शाळा. मी आणि निंबाळकर बाई शेजारच्या रिकाम्या वर्गात बसलो. मधल्या लाकडी पार्टिशनला फट होती. बाईंनी खुर्ची तिथंच लावली आणि मला स्टूल दिलं.

सरांनी त्रिकोण काढला. खाली लिहिलं, ‘समजा’.

“समजा,” शिकलगार सर म्हणाले. त्यांचा आवाज मैदानावरचा. खिडकीवरची कबुतरं उडाली आणि वर्ग खदखदून हसला. सरांनी खडूनं टेबलावर टकटक केलं. शांत.

मग ओळ पुढं सरकली. सर दोन-तीन शब्द लिहायचे, शिकलगार सर कवायतीच्या हुकुमासारखे तेवढेच बोलायचे आणि थांबायचे. ते थांबले की सर मुलांकडे बघायचे. भुवई उचलायची, कोनावर खडू टेकवायचा. मुलांच्या लक्षात आलं, की आता पुढचं कुणीच सांगणार नाही. ते आपल्यालाच सांगायला लागणार. एकीनं सांगितलं. सरांनी मान हलवली, नाही. दुसरीनं सांगितलं. सरांनी तिला बोटानं फळ्याकडे बोलावलं. सोमवारी टाळ्या वाजवणारी तीच मुलं आता अडखळत होती. सोमवारी त्यांना काहीच कळलं नव्हतं, हे मला त्या फटीतून दिसलं. गोड ऐकलं होतं, एवढंच.

समांतर रेषा आली. सरांनी लिहिलं, ‘हे व्युत्क्रम कोन समान’.

“हे व्युत्क्रम कोन समान,” शिकलगार सर म्हणाले. आणि थांबले नाहीत. “सर, एक मिनिट. का समान?”

माझ्या शेजारी निंबाळकर बाईंनी कपाळाला हात लावला. हे ठरलेलं नव्हतं. मी फटीतून आबासाहेबांकडे बघितलं. ते बाकावर पुढं सरकले होते.

“मला खरंच कळलं नाही,” शिकलगार सर म्हणाले. “तीन वेळा बसलो तेव्हाही कुणाला विचारलं नव्हतं.”

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. भुकेल्या माणसापुढं ताट यावं तसा तो झाला. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद घेतला, फळ्यावरच्या दोन समांतर रेषा आणि मधली तिरकी रेषा यांच्यावर धरला, आणि त्या आकाराची इंग्रजी झेडसारखी पट्टी कापली. ती आकृतीवर ठेवली. तंतोतंत बसली. वरच्या कोनात पेन्सिलीनं एक फुली केली आणि सगळ्यांना दाखवली. मग पट्टी पूर्ण उलटी फिरवली, वरची बाजू खाली, आणि पुन्हा आकृतीवर ठेवली.

पट्टी पुन्हा तंतोतंत बसली. फुली आता खालच्या कोनात होती.

“आयला,” शिकलगार सर म्हणाले. मग भानावर येऊन, “म्हणजे, उलटं केलं तरी तेच.”

अख्खा वर्ग फळ्याकडे झेपावला. सगळ्यांना ती पट्टी स्वतः फिरवून बघायची होती. गोंधळात आबासाहेब कधी उठले ते कळलं नाही. त्यांनी हात पुढं केला, पट्टी घेतली, आकृतीवर ठेवली, फिरवली, परत फिरवली. मुलं त्यांना वाट करून उभी होती.

“लोखंडे,” ते म्हणाले, “सोमवारी हे का नाही केलंत?”

सरांनी पाटी घेतली. ‘कुणी विचारलं नाही.’

आबासाहेबांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि ते बाहेर आले. दाराबाहेर मी उभी होते. त्यांनी मला सांगितलं, की या वर्षापुरता सरांचा रुजू अहवाल ते घेतील, पुढचं पुढच्या वर्षी बघू. मग जरा घुटमळले. “तुमचं मात्र, बाई...”

“मला आज सुट्टी झाल्यावर मोकळं करा,” मी म्हटलं.

शाळा सुटल्यावर मी निघाले. निरोपसमारंभ झाला नाही, तेच बरं झालं. निंबाळकर बाईंनी वही उघडली आणि माझ्या नावापुढचे दोन तास स्वतःच्या नावापुढं लिहिले. सर फाटकापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या टाचणवहीवर लाल पेन्सिलीनं सही केली, जशी दर गुरुवारी करायचे.

सोमवारी सकाळी सवयीनं उठले, वेणी घातली, आणि मग आठवलं की कुठं जायचं नाही. देवपूजा नेहमीपेक्षा सावकाश केली. अर्ज काढून चुलीत घातला. सासूबाईंनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढं तीन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत जागा निघाली, निंबाळकर बाईंची चिठ्ठी घेऊन मी तिथं गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण तो भाग वेगळा.

त्याच आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी दारात सायकल वाजली. शिकलगार सर. आत येऊन बसले, मुलीला खिशातली चिक्की दिली आणि शाळेतल्या गमती सांगायला लागले. स्टाफरूममध्ये उलटंच झालंय म्हणाले. ज्याला गणित येत नाही त्याचा भाव वाढलाय. हिंदीचे सर आता शपथेवर सांगतात की त्यांना साधी बेरीजही येत नाही, त्यांचा तास आधी लावा. चित्रकलेच्या बाईंची पाठ बरी झालीय. परवा निंबाळकर बाई मागं उभ्या राहिल्या आणि अर्ध्यात सरांच्या पुढं गेल्या, तर मुलांनीच त्यांना थांबवलं.

मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“बाई, एक विचारायला आलोय. तीन दिवस झाले, डोक्यातून जाईना. समांतर रेषा कुठंच मिळत नाहीत म्हणतात. फळ्यावर नाही मिळत, ते दिसतं. पण फळा संपल्यावर? तिथं कोण गेलंय बघायला?”

मी त्यांच्याकडे बघितलं. पन्नाशीला आलेला माणूस, तीन वेळा नापास झालेला, माझ्या ओसरीवर बसून उत्तराची वाट बघत होता. मला जेवढं माहीत होतं तेवढं ओठांवर आलंच होतं.

“सरांचा तास कधी आहे तुमचा?”

“उद्या. चौथा.”

“मग त्यांना विचारा. वर्गात, सगळ्यांसमोर.”

“तुम्हाला माहीत असेल की. सांगून टाका ना.”

मी चहाचं आधण ठेवायला उठले. ते अंधार पडायला लागेपर्यंत बसले, दोन वेळा फिरून फिरून तेच विचारलं. मी त्यांना दोन कप चहा दिला. उत्तर दिलं नाही.